‘वरची नोकरी’ नेमकी कशाच्या वर?

पत्र मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावातून आलं आहे. लिहिणाऱ्या बाई २९ वर्षांच्या आहेत. समाजशास्त्रात बी.ए., शिवाय बालशिक्षणाचा एक खासगी कोर्स. गेली सहा वर्षं एका खासगी नर्सरीत शिकवतात. पगार सात हजार, मे महिन्याचा मिळत नाही. त्या लिहितात: “मुलं मला आवडतात, पण आयुष्यभर गाणीच म्हणायची का, असं सासूबाई विचारतात आणि आता मलाही तसंच वाटायला लागलंय. या क्षेत्रात वर जायचं तर सरकारी नोकरीच हवी ना? आमच्या वॉर्डात अंगणवाडी सेविकेची जागा निघाली आहे. पण पदवीधर असून सेविका व्हायचं म्हणजे मागे गेल्यासारखं होईल. मिस्टर म्हणतात बी.एड. कर, मैत्रीण म्हणते एखाद्या संस्थेत जा. मुलगी चार वर्षांची आहे, त्यामुळे तालुका सोडता येणार नाही. मी काय करू?”

नमस्कार. आधी बी.एड.चा विषय संपवून टाकू, कारण प्रवेश सुरू झाले की घरातून घाई होईल आणि फी एकदा भरली की विचार करायला उशीर झालेला असेल. बी.एड. दोन वर्षांचं आहे आणि ते मोठ्या वर्गांच्या शिक्षकांसाठी आहे. पहिली ते पाचवीला शिकवण्यासाठी बी.एड. चालणार नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२३ च्या निकालात स्पष्ट केलं आहे. तुमचं काम तर पहिलीच्याही अलीकडचं. तीन ते सहा वयासाठी राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या नियमांत वेगळी, बारावीनंतरची दोन वर्षांची पूर्वप्राथमिक पदविका आहे. नोकरी सांभाळून शिकायचं असेल तर इग्नू या मुक्त विद्यापीठाची बालसंगोपन व शिक्षणाची पदविका आहे. बारावीनंतर घेता येते आणि किमान एका वर्षात पूर्ण होते. तुम्ही केलेल्या खासगी कोर्सचं प्रमाणपत्र काढून बघा. त्यावर विद्यापीठाचं किंवा परिषदेचं नाव नसेल, तर ते तुमच्या हातातलं कौशल्य दाखवतं, पण पात्रतेच्या रकान्यात बसेलच असं नाही.

आता तुमच्या पत्रातला ‘वर’. तुमच्या मनात एक शिडी दिसते: खाली वर्गातली बाई, तिच्यावर तपासणारी, सर्वांत वर सही करणारी. पगार आणि मान या शिडीने वाढतात, हे खरं आहे आणि ते मी नाकारणार नाही. पण प्रत्येक पायरीवर रोजचं काम पूर्ण बदलतं. एक काम मुलांबरोबरचं. दुसरं, मुलांबरोबर काम करणाऱ्या मोठ्या माणसांबरोबरचं. तिसरं कागद, पैसा आणि आकडे यांचं. उत्तम बालवाडी शिक्षिका तिसऱ्या कामात वर्षभरात सुकून जाते आणि वर्गात जेमतेम असलेली एखादी बाई प्रकल्प झकास चालवते. तुम्हाला गाणी म्हणायचा कंटाळा आला आहे की सहा वर्षं एकटीनेच म्हणायचा, हे तुमच्या पत्रावरून मला कळलं नाही. तुम्हाला कळलं तर निम्मं काम झालं.

दुसरं गृहीतक ‘सरकारी’ या शब्दाचं. बालविकासाचं सरकारी काम एका छताखाली नाही, आणि जाहिराती शोधताना गोंधळ होतो तो इथेच. अंगणवाड्या एकात्मिक बालविकास सेवा योजनेखाली चालतात. ही योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. राज्यात तिचं आयुक्तालय नवी मुंबईत आहे. पुण्यात आहे ते महिला व बालविकास आयुक्तालय. बालगृहं, बालसंरक्षण, दत्तकविधान हे तिकडचे विषय. नावं सारखी असल्याने पुण्याच्या जाहिरातीत अंगणवाडीची पदं शोधत बसणाऱ्या मुली दरवर्षी असतात. ग्रामीण भागातले प्रकल्प, म्हणजे या योजनेतल्या अंगणवाड्यांचे मोठे गट, जिल्हा परिषदेमार्फत चालतात, तिथे महिला व बालकल्याणाचे उपमुख्य कार्यकारी अधिकारी प्रमुख. शहरांतले नागरी प्रकल्प राज्याच्या आयुक्तालयाकडे. म्हणजे शहरातली अंगणवाडी महानगरपालिकेची नसते. काही महानगरपालिकांच्या स्वतःच्या बालवाड्या आहेत, पण ते खातं निराळं आणि तिथल्या नेमणुका बऱ्याचदा मानधनावर. पहिलीपासून पुढे शालेय शिक्षण विभाग. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षं हा एकच पायाभूत स्तर मानला आहे, पण भरती करणारी खाती अजून दोनच आहेत.

तुमच्या वॉर्डातल्या जागेकडे येऊ. सेविका हे ‘मानसेवी’ पद आहे. वेतनश्रेणी नाही, मानधन आहे आणि ते पंधरा हजारांच्या आतच. निवृत्तिवेतन नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क मात्र सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२२ मध्ये मान्य केला. पात्रता बारावी, वय १८ ते ३५, विधवा महिलांसाठी ४० पर्यंत. स्थानिक रहिवास आणि लहान कुटुंबाची अट आहे. निवड गुणांवर होते, जास्तीच्या शिक्षणाचे गुण मिळतात, मुलाखत नसते. त्यामुळे ‘आतून काम करून देतो’ म्हणणाऱ्याला चहासुद्धा पाजू नका.

पदवीधर असून सेविका म्हणजे मागे जाणं का, याचं उत्तर तिचा दिवस पाहून द्या. सेविकेकडे सहा सेवा असतात: पूरक आहार, पूर्वशालेय शिक्षण, लसीकरण, आरोग्य तपासणी, संदर्भ सेवा (गरज असेल त्याला दवाखान्यात पाठवणं), पोषण व आरोग्य शिक्षण. यातलं तुम्हाला येतं ते एकच. बाकीचं साधं वाटतं, पण लहान बाळाची लांबी मोजण्याचंच उदाहरण घ्या. दोन वर्षांखालच्या बाळाला आडवं झोपवून मोजतात आणि त्याला दोन माणसं लागतात. एकीने डोकं पट्टीच्या स्थिर टोकाला टेकवून धरायचं. दुसरीने गुडघे हलके दाबून पाय सरळ करायचे आणि सरकती फळी तळव्यांना लावायची. मदतनीस आहार शिजवण्यात गुंतलेली असली की सेविका एकटीच मोजते. बाळ पाय आखडतं आणि लांबी दीड-दोन सेंटीमीटर कमी लिहिली जाते. परिणाम विचित्र होतो. वयाच्या मानाने बाळ आहे त्याहून खुजं दिसतं, पण लांबीच्या मानाने वजन मात्र ठीक दिसतं. खरोखर हडकलेलं बाळ अशा वेळी तीव्र कुपोषितांच्या यादीतून निसटतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची २५.६ टक्के मुलं उंचीच्या मानाने कमी वजनाची निघाली. म्हणून ही पट्टी नीट धरणं हे कारकुनी काम नव्हे.

दुसरी बाजूही सांगते. पोषण ट्रॅकर या मोबाइल अ‍ॅपवरच्या नोंदी, गृहभेटी, सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं यांत मुलांच्या शिक्षणाचा वेळ सर्वांत आधी कापला जातो. राज्याचा ‘आकार’ अभ्यासक्रम आहे, तीन वर्षांखालच्या मुलांसाठी पालकांबरोबर करायचा ‘आरंभ’ आहे. कागदावर दोन्ही चांगले आहेत. प्रत्यक्षात एका खोलीत तीन ते सहा वयाची मुलं, कडेवर आलेली धाकटी भावंडं आणि कोपऱ्यात पोषण आहाराची पोती. तुमच्या भागात दिवाळीनंतर ऊसतोडीला गेलेली मुलं पटावर असतात आणि अंगणवाडीत नसतात, तो हिशेब वेगळाच. नर्सरीतला एकाच वयाचा, गणवेशातला वर्ग इथे मिळणार नाही. तुम्हाला हे आव्हान वाटतं की वैताग, याचं उत्तर प्रामाणिकपणे द्या.

आणि एक. ‘अंगणवाडी’ हा शब्द बालशिक्षणात आयुष्य घालवलेल्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या कामातून आला. मुलं बालवाडीत येईनात, म्हणून बालवाडी त्यांच्या अंगणात गेली. ताराबाईही पदवीधर होत्या. सासूबाईंना हे सांगायला हरकत नाही.

पुढची पायरी पर्यवेक्षिका, नागरी प्रकल्पांत मुख्यसेविका. मला वाटतं, नकळत तुम्ही याच पदाबद्दल विचारता आहात. सरळसेवेसाठी पदवी लागते आणि समाजशास्त्र, गृहविज्ञान, बालविकास, पोषण अशा विषयांना झुकतं माप असतं. तुमचं समाजशास्त्र इथे कामी येतं. परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान, बुद्धिमापन आणि पदाशी संबंधित तांत्रिक विषय असतात. शासकीय सेवेची वयोमर्यादा खुल्या गटाला ३८, मागासवर्गीयांना ४३, म्हणजे तुमच्या हाताशी वर्षं आहेत. मात्र ही भरती दरवर्षी निघत नाही. दोन जाहिरातींत तीन-चार वर्षं जाऊ शकतात आणि तोवर दुसरं काही न करता अभ्यास करत राहणं हा मला सर्वांत महाग पर्याय वाटतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनुसार पर्यवेक्षिकांची निम्मी पदं पाच वर्षं अनुभव असलेल्या सेविकांमधून भरायची आहेत. तेव्हा सेविकेची जागा ही या पदाकडे जाणारी दुसरी वाटही आहे. पाच वर्षं झाली की आपोआप बढती होईल असं मात्र समजू नका. रिक्त जागा आणि ज्येष्ठता यादी यांवर सगळं अडतं. तुमच्या जिल्ह्यात शेवटची बढती कधी आणि किती जणींना मिळाली, हे प्रकल्प कार्यालयात विचारा. तोंडी उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो.

पर्यवेक्षिकेकडे साधारण पंचवीस अंगणवाड्यांचा बीट असतो. काम फिरतीचं आहे, म्हणून दुचाकी चालवता येणं ही न लिहिलेली पात्रता समजा. महिन्यात बीट बैठक, अहवाल, मानधनाची हजेरी, तक्रारी. या पदाचा मूळ हेतू सेविकेला कामात हात देणं हा आहे. प्रत्यक्षात भेट रजिस्टरं तपासण्यात संपते. सेविकाही मग हुशारीने रजिस्टरं तयार ठेवते आणि मुलांना गप्प बसवते, कारण बाईंना शांत वर्ग आवडतो असा तिचा समज असतो. चांगली पर्यवेक्षिका आल्या आल्या वही मागत नाही. ती वीस मिनिटं खाली मुलांत बसते, दोन-तीन मुलांची मापं स्वतः पुन्हा घेते आणि जाताना एकच गोष्ट सुचवते. पुढच्या भेटीत तीच विचारते. दुसरीला शिकवण्यात तुम्हाला गोडी असेल, तर हे पद तुमचं आहे. नसेल, तर पगारासाठी घेतलेलं हे पद फार खडतर वाटेल.

त्याच्या वर बालविकास प्रकल्प अधिकारी. काही पदं लोकसेवा आयोगामार्फत, काही बढतीने. देयकं, रिक्त पदं, न्यायालयीन प्रकरणं, नळजोडणी आणि शौचालयासाठी ग्रामपंचायतीशी पत्रव्यवहार असा हा दिवस. मुलं दिसतात ती भेटीच्या दिवशी. स्पर्धा परीक्षेची मनापासून तयारी करणार असाल तरच याचा विचार करा.

राज्य पातळीवर अभ्यासक्रम, प्रशिक्षणाची पुस्तकं, मूल्यमापनाची साधनं बनतात: आयुक्तालयात, पुण्याच्या राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेत, आणि त्यांना साथ देणाऱ्या युनिसेफ व संस्थांमध्ये. तिथली पदं बहुतेक प्रतिनियुक्तीची किंवा कंत्राटी, आणि मुक्काम मुंबई-पुण्याचा. आज तुम्हाला ते जमणारं नाही, तेव्हा ते बाजूला ठेवू. फक्त एवढं ध्यानात असू द्या, की प्रशिक्षण-पुस्तिका लिहिणाऱ्या गटांना प्रत्यक्ष वर्ग घेतलेल्या शिक्षिका हव्या असतात आणि असं काम घरी बसूनही होतं.

मैत्रिणीचा ‘संस्थेत जा’ हा सल्ला वाईट नाही, अपुरा आहे. संस्था म्हणजे काय काम? पुण्याचं सेंटर फॉर लर्निंग रिसोर्सेस, पालघर जिल्ह्यातली क्वेस्ट, मुंबईत १९९५ मध्ये बालवाड्यांपासून सुरुवात केलेली प्रथम, बांधकामांवरच्या मुलांसाठी पाळणाघरं चालवणारी मुंबई मोबाइल क्रेशेस या सगळ्या ‘संस्था’च, पण कामं एकमेकांसारखी नाहीत. तालुक्यात राहून मिळणारं पद बहुधा क्षेत्र समन्वयक किंवा प्रशिक्षिका हे असतं: पंधरा-वीस अंगणवाड्या, आठवड्याला ठरलेल्या भेटी, महिन्याला एक प्रशिक्षण. पर्यवेक्षिकेच्या कामातला सगळ्यात रसाळ भाग इथे रजिस्टरांशिवाय मिळतो. त्याची किंमत म्हणजे अनिश्चितता. मुलाखतीत लाजू नका, चार गोष्टी विचारा: प्रकल्पाचा निधी कोणत्या महिन्यापर्यंत आहे, करार अकरा महिन्यांचा की वर्षाचा, भविष्यनिर्वाह निधी कापला जातो का, आणि फिरतीचे पैसे किलोमीटरवर मिळतात की ठरावीक रक्कम. शेवटचा प्रश्न किरकोळ वाटतो, पण ठरावीक भत्त्यात दूरच्या वस्त्या आपल्याच पेट्रोलवर होतात आणि मग हळूहळू भेटी रस्त्याकडेच्या अंगणवाड्यांनाच व्हायला लागतात. काम असं पोकळ होतं.

पाळणाघरांकडेही नजर ठेवा. २०१७ च्या मातृत्व लाभ दुरुस्तीनंतर पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघराची सोय बंधनकारक आहे, आणि केंद्राच्या ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीलाच पाळणाघर जोडलं जातं. तालुक्यात औद्योगिक वसाहत असेल तर चौकशी करा. विशेष गरजा असलेल्या मुलांत रस असेल तर जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पदं असतात, पण तिथल्या विशेष शिक्षकाच्या पदाला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तो वेगळा अभ्यास आहे.

मग तुम्ही काय करावं? नर्सरी लगेच सोडू नका. दीड-दोन महिने जरा शोधाशोध करा. ग्राम आरोग्य, स्वच्छता व पोषण दिन दर महिन्याला असतो. पर्यवेक्षिकेची परवानगी घेऊन एक पूर्ण दिवस तिथे बसा. मुलांचे फोटो काढू नका आणि सूचना करू नका, फक्त मापं घेताना हात द्या. एका पर्यवेक्षिकेशी आणि संस्थेतल्या एका समन्वयक ताईशी बोला. ‘नोकरी कशी आहे’ असं विचारलंत तर ‘बरी आहे’ एवढंच कळेल. ‘मागच्या मंगळवारी सकाळपासून काय काय केलंत’ असं विचारा. त्यातले किती तास मुलांसोबत, किती मोठ्यांसोबत, किती कागदासोबत गेले ते घरी येऊन लिहा.

त्याच काळात तुमचे सहा वर्षांचे कष्ट कागदावर आणा. आज ते कुठेच नोंदलेले नाहीत. वर्गातल्या दोन मुलांची चार आठवड्यांची निरीक्षणं लिहा, नावं बदलून: कोणता शब्द नवा आला, कात्री कशी धरली, भांडण कसं मिटवलं. तीन आठवड्यांचं एक नियोजन, आणि त्यातलं काय फसलं व का, हेही. नर्सरीतल्या इतर शिक्षिकांसाठी एक दीड तासाचं सत्र घेऊन बघा, विषय छोटा असू द्या. ते घेताना मजा आली की घाम फुटला, यावरून पर्यवेक्षिका आणि प्रशिक्षिका ही दोन्ही पदं तुमच्यासाठी आहेत की नाहीत हे ठरेल. संस्थेच्या मुलाखतीत ही आठ-दहा पानं ‘मला मुलं खूप आवडतात’ या वाक्यापेक्षा जास्त बोलतील. ते वाक्य प्रत्येक अर्जात असतं.

अनुभवाचं पत्र आत्ताच मागा, राजीनाम्याबरोबर नको. नाराज झालेली व्यवस्थापनं ते द्यायला महिने लावतात. त्यात रुजू झाल्याची तारीख, वयोगट, पटसंख्या आणि पूर्णवेळ की अर्धवेळ हे असायला हवं. पगार रोखीने मिळत असेल तर निदान यापुढे खात्यात मागा.

माझा कल विचाराल तर सेविकेच्या जागेसाठी अर्ज भरून टाका आणि दरम्यान पर्यवेक्षिकेच्या जुन्या दोन-तीन जाहिराती मिळवून पात्रतेचा परिच्छेद शब्दशः वाचा. अर्ज केला म्हणजे रुजू झालंच पाहिजे असं नाही. यादी लागेपर्यंत तुमची पाहणीही झालेली असेल. मानधन तुमच्या आजच्या पगारापेक्षा कमी नाही, तालुका सोडावा लागत नाही आणि मुलगी तुमच्याच अंगणवाडीत येऊ शकते. ती आली तर मात्र तिच्याशी वेगळं वागायचा मोह आवरावा लागेल. दिवसभर रजिस्टरं आणि मोबाइलवरच्या नोंदी नकोच असं पाहणीत ठरलं, तर तालुक्यात काम करणाऱ्या संस्थेकडे जा. ती मिळेपर्यंत नर्सरी आहेच.

अर्ज भरताना एक बघा. बारावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव आणि रहिवासी दाखल्यावर सासरचं, यावरून अनेकींचे अर्ज छाननीत अडकतात. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र किंवा नाव बदलल्याची राजपत्रातली प्रत सोबत जोडा. ते नसेल तर नोंदणीसाठी उद्याच जा, शेवटच्या तारखेच्या आत ते हातात पडायला हवं. अर्ज प्रकल्प कार्यालयात स्वतः देत असाल तर पोहोच घेतल्याशिवाय तिथून हलू नका.